कंपायलरच्या टेस्ट फेल होतात तेव्हा : दोष कोणाचा, हे कसे ठरवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. जीसीसी या कंपायलरची (सोर्स कोडचे मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामची) मुख्य शाखा तुम्ही एका ६४-बिट आर्म बोर्डावर स्वतः बिल्ड केली, बीजगणिती पदावल्या सोप्या करणाऱ्या ‘मॅच डॉट पीडी’ या फाइलीत एक छोटा नियम घातला, ‘मेक चेक’ ही सगळ्या टेस्ट चालवणारी कमांड दिली आणि काही डझन टेस्ट फेल झालेल्या दिसल्या. त्यांपैकी एका टेस्टचा प्रोग्राम ‘-ओ२’ला, म्हणजे कोड वेगवान करणारे ऑप्टिमायझेशन चालू असताना, चुकीचे उत्तर काढून बंद पडतो, ‘-ओ०’ला, म्हणजे ते बंद असताना, मात्र नीट चालतो. यांपैकी कोणत्या टेस्ट तुमच्या बदलामुळे फेल झाल्या आणि त्या एका टेस्टचा माग कसा काढायचा, हे तुम्हाला हवे आहे.

कंपायलरच्या बाबतीत ‘फेल’ हा निकाल एकटा जवळजवळ काहीच सांगत नाही. तो कशाच्या तुलनेत फेल, हे कळल्यावरच त्याला अर्थ येतो. म्हणून पास होणारी एक स्थिती आणि फेल होणारी दुसरी स्थिती शोधायची आणि त्या दोहोंतले अंतर कमी कमी करत न्यायचे, ही या कामाची जवळपास संपूर्ण पद्धत आहे. त्या स्थिती म्हणजे कधी दोन कमिट (सोर्समधले नोंदवलेले बदल) असतात, कधी दोन ऑप्शन, कधी दोन ऑब्जेक्ट फाइली, तर कधी कंपायलरच्या दोन टप्प्यांमधली मध्यंतरीची रूपे. लॉगमधली पहिली एरर वाचून लगेच सोर्समध्ये शिरण्याचा मोह होतो, पण त्या वाटेने गेल्यास ज्या बगचा तुमच्याशी काहीच संबंध नाही अशा बगमागे आठवडा सहज जातो.

मुख्य शाखेवर कोणत्याही दिवशी, कोणत्याही मशीनवर, सगळ्या टेस्ट पास आहेत असे सहसा घडत नाही. एकट्या सी भाषेच्या टेस्टचेच निकाल लाखाच्या वर जातात आणि त्यांतले काही फेल आधीपासून तसेच असतात. त्यामुळे तुमच्या बदलाशिवायचा बिल्ड हाती नसेल तर त्या काही डझनांवर चर्चाच होऊ शकत नाही. एकाच मूळ कमिटवरून दोन वेगळ्या बिल्ड डिरेक्टरी करा, एक पॅचसह, म्हणजे तुमच्या बदलासह, आणि एक पॅचविना. कॉन्फिगरचे ऑप्शन, बोर्ड, असेंबलर, लिंकर आणि डीबगर दोन्हींकडे तेच ठेवा. दोन्हींकडे ‘मेक -के चेक’ चालवा. ‘-के’ विसरू नका, कारण तो नसेल तर एका टेस्ट संचात गडबड होताच ‘मेक’ थांबते आणि पुढचे संच चालतच नाहीत. नंतर दोन्हींकडच्या ‘डॉट सम’ या निकालांच्या फाइली सोर्सच्या ‘कॉन्ट्रिब’ डिरेक्टरीतील ‘कंपेअर_टेस्ट्स’ या स्क्रिप्टला द्या. जुने फेल बाजूला पडतील आणि फक्त फरक समोर येईल. त्या यादीत नव्याने फेल झालेल्यांइतकेच लक्ष ‘पूर्वी पास होत्या, आता नाहीशा झाल्या’ अशा टेस्टकडे द्या. नाहीशी झालेली टेस्ट फेल म्हणून मोजली जात नाही, आणि कंपायलर मध्येच कोसळला तरी एकूण आकडे वरवर ठीक दिसू शकतात.

निकालाचे शब्दही नेमके समजून घ्यायला हवेत. ही चाचणी यंत्रणा डेजाग्नू आहे, ती एक्स्पेक्ट हे साधन आणि टीसीएल ही स्क्रिप्ट भाषा यांवर उभी आहे, आणि तिचे निकाल केवळ पास व फेल एवढेच नसतात. ‘एक्सफेल’ म्हणजे फेल होणार हे आधीच नोंदवलेले होते आणि तसेच झाले. ‘एक्सपास’ म्हणजे फेल अपेक्षित असताना टेस्ट पास झाली, आणि हाही एक फरकच आहे, त्याचे कारण शोधावे लागते. ‘अनसपोर्टेड’ म्हणजे त्या मशीनला ती टेस्ट लागू नाही. ‘अनरिझॉल्व्ड’ हा बहुधा स्वतंत्र दोष नसतो. कंपाइल करतानाच टेस्ट अडली, एक्झिक्यूटेबल तयारच झाले नाही, म्हणून चालवण्याचा निकाल अधांतरी राहिला, एवढाच त्याचा अर्थ असतो. त्यामुळे यादीतला एकेक फेल अनेकदा आपल्याबरोबर एक अनरिझॉल्व्ड घेऊन येतो, आणि ‘काही डझन’ हा आकडा प्रत्यक्षात त्याहून बराच लहान निघतो.

त्यातही ‘टेस्ट फॉर एक्सेस एरर्स’ अशी शेपटी असलेला फेल दिसला, तर आधी ‘डॉट लॉग’ फाइलीत ती टेस्ट शोधून कंपायलरने आणि लिंकरने प्रत्यक्ष काय छापले ते वाचा. अपेक्षित नसलेली एक ओळ जरी आली तरी ही टेस्ट फेल होते, मग ती ओळ कोणाकडूनही आलेली असो. २०२२ साली बिनयुटिल्स या असेंबलर-लिंकरच्या संचाची २.३९ ही आवृत्ती आली, तेव्हापासून त्यातला लिंकर एक्झिक्यूटेबल स्टॅक (ज्यातला कोड चालवता येतो असा स्टॅक) मागणाऱ्या ऑब्जेक्ट फाइलींबद्दल इशारा देऊ लागला. फंक्शनच्या आत फंक्शन लिहून त्याचा पत्ता बाहेर देणाऱ्या टेस्टना तसा स्टॅक लागतोच. अशा ठिकाणी कंपायलरचे एक अक्षरही बदललेले नसताना, केवळ नव्या लिंकरच्या इशाऱ्यामुळे टेस्ट फेल ठरू शकते. पुढे हे इशारे गाळण्याची सोय टेस्ट संचात करावी लागली. दोन्ही बिल्डसाठी तोच लिंकर ठेवा, असे वर सांगितले ते यासाठीच.

लहान बोर्डावर आणखी काही गोष्टी गोंधळ घालतात, त्या पटकन उरकतो. लॉगमध्ये ‘प्रोग्रॅम टाइम्ड आउट’ असे दिसले तर तो कंपायलरचा दोष आहे असे समजण्यापूर्वी बोर्डावर एकटी ती टेस्ट चालवून पाहा; डेजाग्नूची नेहमीची मर्यादा ३०० सेकंदांची आहे, आणि मेमरी कार्डावर, चार समांतर कामे चालू असताना, काही जड टेस्ट ती ओलांडतात. कंपायलर ‘किल्ड’ असे म्हणून संपला तर कर्नलचा लॉग पाहा, बहुधा मेमरी संपली म्हणून कर्नलनेच त्याला मारलेले असते. ‘गुअॅलिटी’ या डिरेक्टरीतील, डीबगरला मिळणारी माहिती तपासणाऱ्या टेस्ट डीबगरच्या आवृत्तीप्रमाणे डोलतात. त्यांच्यातला एखादा फरक पाहून लगेच घाबरू नका. आणि जीसीसी कोसळल्यावर ‘हा बग पुन्हा घडवता येत नाही, त्यामुळे दोष हार्डवेअरचा किंवा ऑपरेटिंग सिस्टीमचा असण्याची शक्यता आहे’ अशा अर्थाचा संदेश छापला गेला, तर तो गंभीरपणे घ्या. कोसळलेले कंपायलेशन ड्रायव्हर, म्हणजे ‘जीसीसी’ ही कमांड, स्वतःच पुन्हा करून पाहतो आणि मगच हे म्हणतो. खराब रॅम किंवा अपुरा वीजपुरवठा असलेल्या बोर्डावर जीसीसीचा बिल्ड ही हार्डवेअरचीच कसून परीक्षा ठरते.

‘मेक चेक’च्याही आधीची एक टेस्ट अनेक जण वेळ वाचवण्यासाठी टाळतात, आणि तुमच्या जातीच्या बदलाला तीच सर्वांत उपयोगाची असते. ती म्हणजे तीन टप्प्यांचा बूटस्ट्रॅप. सिस्टीमवरचा कंपायलर पहिला टप्पा बांधतो, पहिला दुसऱ्याला आणि दुसरा तिसऱ्याला. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या ऑब्जेक्ट फाइली एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. तुमचा नियम पहिल्या टप्प्यात आलेला असतो, म्हणून दुसरा टप्पा हा तुमच्या नियमाने कंपाइल केलेला पहिला मोठा प्रोग्राम. नियम चुकीचा असेल तर अनेकदा दुसरा टप्पा तिसऱ्याला बांधता बांधता कोसळतो किंवा दोन्हींच्या फाइली जुळत नाहीत. काही लाख ओळींच्या खऱ्या कोडवर तुमचा नियम तपासणारी एवढी कडक टेस्ट आयती मिळत असताना ‘--डिसेबल-बूटस्ट्रॅप’ने ती बंद करणे मला पटत नाही. रोजच्या कामाला तो ऑप्शन ठीक आहे, पॅच पाठवण्यापूर्वी नाही.

आता त्या एका टेस्टकडे वळू. संपूर्ण संच पुन्हा चालवू नका. ‘रनटेस्टफ्लॅग्ज’ या व्हेरिएबलमध्ये संबंधित ‘डॉट एक्स्प’ फाइलीचे नाव, बरोबरचे चिन्ह आणि टेस्टचे नाव दिले की तेवढीच टेस्ट चालते. लॉगमध्ये कंपायलर कोणत्या संपूर्ण कमांडने चालवला तेही असते. ती ओळ उचलून टर्मिनलमध्ये हाताने चालवा आणि यापुढे डेजाग्नूला मध्ये घेऊच नका. त्याच टेस्टचे निकाल वेगवेगळ्या ऑप्शनच्या जोड्यांसाठी लॉगमध्ये ओळीने सापडतील. ‘-ओ१’ पास आणि ‘-ओ२’ फेल असेल तर दोन स्थितींमधले अंतर लगेच निम्म्यावर आले.

यापुढचा प्रश्न असा की चूक टेस्टची की कंपायलरची. सीच्या मानकानुसार अनिश्चित ठरणारे वर्तन, म्हणजे ज्याचा निकाल मानक ठरवूनच देत नाही असे वर्तन, प्रोग्राममध्येच असेल, तर कंपायलरला दोष देता येत नाही. टेस्ट ‘-एफसॅनिटाइझ=अनडिफाइन्ड,ॲड्रेस’ने, म्हणजे अशा चुका चालतानाच पकडणाऱ्या सॅनिटायझरसह, कंपाइल करून चालवा; मग ‘-एफरॅपव्ही’ (चिन्हासहित पूर्णांकाचे न मावणारे उत्तर गुंडाळले जाते असे धरणारा) आणि ‘-एफनो-स्ट्रिक्ट-एलिॲसिंग’ (वेगळ्या प्रकारांचे पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवू शकतात असे धरणारा) हे ऑप्शन एकेक करून घालून निकाल बदलतो का ते पाहा. एक्स८६वर पास आणि तुमच्या बोर्डावर फेल असा प्रकार असेल, तर एका बाइटच्या साध्या ‘कॅर’ प्रकाराचे चिन्हही तपासा : लिनक्सवर एक्स८६मध्ये तो चिन्हासहित असतो, आर्ममध्ये चिन्हरहित. वाचलेला बाइट ‘कॅर’मध्ये ठेवून तो फाइलीच्या शेवटाच्या उणे एकशी ताडणारे लूप आर्मवर कधीच संपत नाही, आणि ती टेस्ट तुम्हाला केवळ टाइमआउट म्हणून दिसते. मात्र तुमच्या प्रश्नात पॅचविना पास आणि पॅचसह फेल अशी स्थिती असेल, तर सॅनिटायझर गप्प राहिल्यावर संशय तुमच्या नियमावरच घेणे योग्य.

अशा नियमांमधली नेहमीची चूक उदाहरणाने सांगतो. दोनाने गुणून दोनाने भागले की मूळ संख्या परत मिळते, हे शाळेतल्या गणितात खरे आहे. ३२ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात ते खरे नाही : २१४७४८३६४८ला दोनाने गुणले की उत्तर शून्यावर गुंडाळले जाते, आणि शून्याला दोनाने भागून शून्यच मिळते. चिन्हासहित पूर्णांकात ओव्हरफ्लो (उत्तर त्या प्रकारात न मावणे) अनिश्चित वर्तनात मोडतो, म्हणून तिथे हा नियम चालतो, पण ‘-एफरॅपव्ही’ दिल्यावर तिथेही चालत नाही. म्हणून असा नियम लिहिताना त्या प्रकाराचा ओव्हरफ्लो खरोखर अनिश्चित आहे का, हे ‘टाइप_ओव्हरफ्लो_अनडिफाइन्ड’ या मॅक्रोने आधी विचारावे लागते. ही अट विसरल्यास चूक निदान ठळक असते आणि लवकर सापडते.

दुसरी चूक जास्त लबाड आहे. ‘अ’मधून ‘ब’ वजा करून त्यात ‘क’ मिळवणे, याऐवजी ‘क’मधून ‘ब’ वजा करून त्यात ‘अ’ मिळवणे, असा नियम तुम्ही चिन्हासहित पूर्णांकांसाठी लिहिला, असे समजा. ‘अ’ उणे १०, ‘ब’ उणे १ आणि ‘क’ त्या प्रकारातली सर्वांत मोठी संख्या असेल, तर मूळ पदावलीत कुठेही ओव्हरफ्लो नाही. नव्या पदावलीत मात्र पहिल्याच पायरीला तो होतो. मशीनच्या बेरीज-वजाबाकीत बिट गुंडाळून शेवटचे उत्तर बरोबरच येते, म्हणून कागदावर नियम निर्दोष वाटतो. पण पुढचा टप्पा, म्हणजे संख्यांच्या मर्यादा काढणारा व्हीआरपी, चिन्हासहित वजाबाकीत ओव्हरफ्लो होणारच नाही असे धरून चालतो, त्यावरून एखादी तुलना नेहमी खरी ठरवतो आणि ती तपासणीच काढून टाकतो. चुकीचे उत्तर दिसते ते तिथे, मूळ नियमापासून कितीतरी टप्पे पुढे. ‘-एफरॅपव्ही’ दिल्यावर लक्षण नाहीसे झाले तर वाट ओव्हरफ्लोच्या गृहीतकातूनच जाते, हे जवळपास निश्चित समजा. यावरचा इलाज रूढ आहे : मधली आकडेमोड त्याच रुंदीच्या चिन्हरहित प्रकारात करायची आणि शेवटी मूळ प्रकारात आणायचे.

तुमच्या प्रश्नातल्या ‘-ओ०’ला नीट चालण्यातही एक खूण दडलेली आहे. मॅच डॉट पीडीतील नियमांपासून दोन प्रकारचे कोड तयार होते, आणि त्यातले एक सोर्स वाचतानाच, एकाच विधानातील पदावलीवर, ऑप्टिमायझेशन बंद असतानाही चालू शकते. त्यामुळे तुमचा नियम केवळ ‘-ओ२’ला लागू होत असेल, तर बहुधा टेस्टमध्ये ती पदावली एका विधानात नाही, इनलाइनिंगने (फंक्शनचा मजकूर ते बोलावले त्या जागी आणून) किंवा व्हॅल्यू पुढे नेण्याने तिचे तुकडे नंतर एकत्र येत असावेत. टेस्टच्या सोर्समध्ये ती पदावली शोधत बसू नका, ती तिथे लिहिलेलीच नसेल.

ती कुठे तयार होते हे डंपमध्ये, म्हणजे कंपायलरने लिहून दिलेल्या मधल्या रूपांत, दिसते. दोन्ही कंपायलरना तीच फाइल ‘-ओ२ -एफडंप-ट्री-ऑल’ने द्या. प्रत्येक टप्प्यानंतरचे रूप क्रमांक असलेल्या स्वतंत्र फाइलीत मिळते. दोन्हींकडच्या फाइली क्रमाने ‘डिफ’ने ताडत गेलात की ज्या फाइलीत पहिला फरक दिसतो, तोच तुमचा टप्पा. डंपच्या ऑप्शनला ‘-फोल्डिंग’ जोडले तर कोणता नियम मॅच डॉट पीडीच्या कोणत्या ओळीवरून लागू झाला, तेही लिहिले जाते. कंपायलर आतून न उघडता त्याची मधली रूपे पाहून त्याचे वागणे समजून घेण्याची ही रीत पवईच्या आयआयटी मुंबईतील जीसीसी रिसोर्स सेंटरने प्रा. उदय खेडकर यांच्या कार्यशाळांमधून ‘ग्रे बॉक्स प्रोबिंग’ या नावाने शिकवली. जीसीसीत नव्याने शिरणाऱ्याने डीबगरच्या आधी तीच हातात घ्यावी, असे माझेही मत आहे. डीबगर लागलाच तर ड्रायव्हरला ‘-रॅपर’ ऑप्शन द्या, म्हणजे थेट ‘सीसी१’ हा खरा सी कंपायलर डीबगरखाली चालतो. नुसत्या ‘जीसीसी’ कमांडवर डीबगर लावून काही मिळत नाही, कारण ती फक्त इतरांना कामाला लावणारी कमांड आहे.

बाजूला काढलेल्या जुन्या फेलपैकी एखाद्याचा माग तुम्हाला पुढे काढायचा असेल, तर तिथे दोन स्थिती म्हणजे दोन कमिट. जीसीसीचा इतिहास जानेवारी २०२० पासून गिटमध्ये आहे आणि मुख्य शाखा सरळ रेषेत वाढते, त्यामुळे दर वेळी अंतर निम्मे करत दोषी कमिट शोधणारी ‘गिट बायसेक्ट रन’ ही कमांड इथे चोख चालते. हजार कमिटमधून दोषी कमिट साधारण दहा बिल्डमध्ये सापडतो. बिल्ड हलका ठेवा : फक्त सी भाषा, बूटस्ट्रॅप बंद आणि केवळ ‘मेक ऑल-जीसीसी’. एखादा कमिट बिल्डच होत नसेल तर तुमच्या स्क्रिप्टने १२५ हा कोड परत करावा, म्हणजे बायसेक्ट तो वगळून पुढे जातो. तो फेल म्हणून मोजला गेला तर एखादा निरपराध कमिट दोषी ठरतो. आणखी एक बाब अशी, की मुख्य शाखेत कंपायलरच्या अंतर्गत तपासण्या चालू असतात आणि रिलीजमध्ये त्यांतल्या बऱ्याचशा बंद असतात, म्हणून मुख्य शाखेत कोसळणारी आणि रिलीजमध्ये पास होणारी टेस्ट म्हणजे नवाच बग, असे लगेच म्हणता येत नाही. दोन्हींकडे ‘--एनेबल-चेकिंग’ सारखे ठेवूनच तुलना करा.

टेस्ट मोठी असेल तर ती लहान करण्याचे काम यंत्रावर सोपवा. युटा विद्यापीठात तयार झालेले सी-रिड्यूस आणि त्याच धर्तीवरचे सी-व्हाइज ही साधने तुमच्या स्क्रिप्टला विचारत विचारत फाइल कापत जातात. सगळे यश त्या स्क्रिप्टवर अवलंबून असते. नुसते ‘-ओ०’ आणि ‘-ओ२’चे उत्तर वेगळे आहे का, एवढेच ती विचारत असेल, तर तासाभरात तुमच्या हाती असा इवलासा प्रोग्राम येईल ज्यात एखादे व्हेरिएबल कधी भरलेलेच नाही, आणि तो कोणत्याही कंपायलरवर काहीही उत्तर देईल. स्क्रिप्टने सॅनिटायझरखाली प्रोग्राम स्वच्छ चालतो का, महत्त्वाचे इशारे येत नाहीत ना, पॅचविनाच्या कंपायलरचे ‘-ओ२’चे उत्तर बरोबर आहे ना, आणि मगच पॅचसहच्या कंपायलरचे उत्तर चुकते का, या क्रमाने विचारायला हवे.

तुलनेच्या यादीत असेंब्लीच्या ओळी मोजणाऱ्या किंवा डंपमधला मजकूर शोधणाऱ्या काही टेस्टही कदाचित असतील. तुमच्या नियमाने कोड सुधारल्यामुळे जुना आकडा जुळेनासा झाला असेल, तर टेस्ट बदलणे रास्त आहे, पण आधीची आणि नंतरची असेंब्ली शेजारी ठेवून नवी खरोखर चांगली आहे हे दाखवण्याची जबाबदारी तुमची. यादी रिकामी व्हावी म्हणून टेस्टवर ‘एक्सफेल’ चिकटवणे मात्र करू नका. तपासणीस ते पहिल्यांदा पाहतात, आणि तुमच्या पुढच्या पॅचकडेही त्याच नजरेने पाहतात.

नियम दुरुस्त झाल्यावर लहान केलेला प्रोग्राम नवी टेस्ट म्हणून पॅचमध्येच घाला : चालवून तपासायची असल्यास ‘डीजी-डू रन’, चुकल्यास ‘__बिल्टइन_अबॉर्ट’, आणि पूर्णांकाची विशिष्ट रुंदी गृहीत धरलेली असल्यास तशी ‘डीजी-रिक्वायर-इफेक्टिव्ह-टार्गेट’ची ओळ, कारण सोळा बिटांचे पूर्णांक असलेल्या लहान प्रोसेसरांवरही हा संच चालतो. ती टेस्ट चुकीच्या नियमासह फेल आणि दुरुस्त नियमासह पास होते, हे दोन्ही बिल्डमध्ये चालवून पाहा. चेंजलॉगची नोंद आता कमिटच्या संदेशातच लिहायची असते; तिचा सांगाडा ‘कॉन्ट्रिब’मधली ‘एमकेलॉग’ स्क्रिप्ट करून देते. जून २०२१ पासून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे कॉपीराइट करून देण्याची सक्ती राहिलेली नाही, ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ लिहून मूळ हक्काची ग्वाही दिली तरी चालते. आणि संदेशात कोणत्या मशीनवर बूटस्ट्रॅप केला, कोणत्या भाषांच्या टेस्ट चालवल्या आणि पॅचविनाच्या बिल्डशी ताडून कोणता फरक आढळला, हे स्पष्ट लिहा. फक्त आर्मवर तपासले असेल तर तसेच सांगा, एक्स८६वर चालवून पाहणारे कोणीतरी असते.